टेप, दोरी आणि सकाळची पहिली लघवी: पोटाच्या घेरावरून किडनीची खबर कशी घ्यायची

दादरच्या फलाटावर पूर्वी ते वजनाचं यंत्र असायचं. दिवे लुकलुकायचे, चाक गरगरायचं, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं छोटं तिकीट टक्कन खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. ती यंत्रं दिसेनाशी झाली, पण वजनावरून भविष्य वाचायची आपली खोड काही गेली नाही.

परळ-लालबागच्या पट्ट्यातल्या एका लॅबमध्ये मी पंचवीसेक वर्षं रक्त काढलं, लघवीच्या बाटल्यांवर नावं चिकटवली. रिपोर्ट न्यायला येणाऱ्यांकडून दोन वाक्यं इतक्यांदा ऐकली की पाठ झाली. एक, "वजन तर माझं बेताचंच आहे." आणि दुसरं, "क्रिएटिनिन नॉर्मल आलंय, म्हणजे किडनी ओके." बोलणारा खोटं बोलत नसतो. पण हे दोन्ही आकडे उशिरा तोंड उघडणारे. आणि गंमत अशी, की दोघांनाही गप्प ठेवणारी गोष्ट एकच आहे: अंगात स्नायू कमी असणं.

हातपाय काडीसारखे आणि पोट माठासारखं, अशा माणसाचं वजन काट्यावर ठीकठाक येतं. स्नायूंची जागा चरबीने घेतलेली असते, ते काट्याला कळत नाही. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रक्तात येणारा कचरा. स्नायूच कमी, तर कचराही कमी. म्हणजे ज्या अंगकाठीला धोका जास्त, नेमकी तीच दोन्ही परीक्षांत पास होऊन बाहेर पडते.

म्हणून इथे भर देणार आहे तो लवकर बोलणाऱ्या दोन मापांवर. एक कमरेचा घेर, दुसरं लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन. पहिलं घरी घ्यायचं, दुसरं लॅबमध्ये, आणि दोन्ही एकाच वहीच्या एकाच पानावर लिहायची. हे सगळं मोठ्या माणसांसाठी आहे, मुलांची मापं वेगळी असतात. काही मोठ्या माणसांनाही टेप लागू पडत नाही, त्यांचं शेवटी सांगते.

आधी टेप

शिंप्याकडे असते ती १५० सेंटिमीटरची टेप घ्या. घरातली जुनी असेल तर आधी शाळेच्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीवर ठेवून पाहा. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून लांबते आणि लांबलेली टेप तुमची कंबर उगाच बारीक दाखवते.

पुरुषांसाठी पहिली सूचना: पॅंटचा साईज म्हणजे कंबर नव्हे. "गेली पंधरा वर्षं चौतीसच घालतो" असं छाती काढून सांगणारे पुष्कळ भेटले. पॅंट चौतीसचीच राहिलेली असते, बदललेला असतो तो पट्ट्याचा मुक्काम. बेंबीजवळून निघून तो ढेरीखाली ओटीपोटावर येऊन टेकलेला असतो. बायकांचंही तसंच, परकराच्या नाडीचा वळ जिथे पडतो ती जागा मापाची नाही.

माप सकाळी घ्या, अनशापोटी, संडास-लघवी उरकून. कपडा वर करून उघड्या पोटावर. पावलं जवळ ठेवून सरळ उभं राहा. आता बरगड्यांच्या बाजूने बोट खाली नेत जा. जिथे शेवटची बरगडी संपते तिथे पेनाने ठिपका. मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा, तीच जिच्यावर बायका कळशी किंवा मूल टेकवतात. तिथे दुसरा ठिपका. दोन्हींच्या बरोबर मध्ये तिसरा. टेप या मधल्या ठिपक्यावरून फिरवायची. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत हीच आहे. बेंबीवर भिस्त ठेवू नका. पोट सुटलं की बेंबीही खाली उतरते आणि दर वर्षी माप वेगळ्याच जागी पडतं.

टेप पाठीमागे खाली घसरते, म्हणून आरशात बघा किंवा दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. ती जमिनीला समांतर हवी. त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको. नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढायचा मोह सगळ्यांनाच होतो, त्यावर उपाय म्हणजे माप घेणाऱ्याने हळूच काहीतरी विचारायचं. उत्तर देताना पोट आपोआप सुटतं. दोनदा मोजा. दोन मापांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजून जवळच्या दोन मापांची सरासरी लिहा.

मग दोरी

टेप नसली तरी अडत नाही. पायाच्या टाचेपासून डोक्यापर्यंत, म्हणजे तुमच्या उंचीइतकी सुतळी कापा. तिची बरोबर अर्धी घडी घाला. ही अर्धी सुतळी वर सांगितलेल्या जागी कमरेभोवती गुंडाळा. दोन्ही टोकं एकमेकांना भेटली तर छान. मध्ये फट राहिली तर कंबर उंचीच्या निम्म्याहून मोठी आहे.

याच गोष्टीला आकड्यात मांडायचं तर कंबर भागिले उंची. उत्तर ०.५ च्या खाली असावं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये मोठ्या माणसांना हेच सांगितलं: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा. मला हे माप आवडतं, कारण पुरुष-बाई, बुटका-उंच सगळ्यांना एकच नियम लागतो. डोंबाऱ्याच्या दोरीसारखी ही सुतळी दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवली की वर्षभर पुरते.

आपले आकडे वेगळे का?

बीएमआय सगळ्यांना ठाऊक आहे: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या केटले या बेल्जियन गणितज्ञाची, 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ मध्ये अन्सेल कीज यांनी रूढ केलं. केटले काही डॉक्टर नव्हते. त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो ते काढायचं होतं. एका माणसाच्या पोटात किती चरबी आहे हे सांगायला ते सूत्र बनलेलंच नाही.

याचा सगळ्यात बोलका पुरावा आपल्या पुण्यातला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीदार, हा आपल्याकडचा नमुना. याज्ञिकांनी पुण्यातल्या नवजात बाळांतही तोच पाहिला: वजनाला कमी, तरी त्या मानाने चरबी टिकवून धरलेली.

म्हणून भारतीयांसाठी रेषा खाली ओढल्या आहेत. बीएमआय २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटर या आकड्याला पोटाचा लठ्ठपणा सुरू झाला असं धरतात. इंचांत सांगायचं तर साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. ज्यांना पॅंट-परकराच्या इंचांचीच सवय आहे त्यांनी आकड्याला २.५४ ने गुणावं.

नितंबांचा घेरही घेऊन कंबरेला त्याने भागतात. पुरुषांत ०.९० आणि बायकांत ०.८५ च्या पुढे गेलं की जास्त. घेतलंत तर उत्तम, नाही घेतलंत तरी चालेल. दोन मापं म्हटली की चुकण्याच्या जागाही दोन.

जिममध्ये किंवा ऑनलाइन मागवलेल्या काट्यावर अनवाणी उभं राहिलं की चरबीचे टक्के दिसतात, त्याबद्दल दोन शब्द. हे काटे अंगातून अगदी हलका वीजप्रवाह सोडतात आणि अंगात पाणी किती त्यावरून चरबीचा अंदाज बांधतात. वैशाखात घामाघूम होऊन, लोकलमधून उतरून उभं राहिलात की आकडा वेगळा, सकाळी उठून वेगळा. पायावर सूज असेल तर आकड्याला काहीच अर्थ नाही, आणि किडनीच्या दुखण्यात सूज येऊ शकते. पेसमेकर बसवलेल्यांनी या काट्यावर चढूच नये. क्ष-किरणांनी चरबी मोजणारा डेक्सा स्कॅन जास्त खात्रीचा, पण रोजच्या कामासाठी त्याची गरज नाही.

चरबीचा आणि किडनीचा संबंध काय?

इथे थोडं थांबू, कारण हे समजलं की पुढच्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत.

प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. जन्माच्या वेळी जेवढे असतील तेवढेच. नंतर एकही नवा तयार होत नाही. जन्मतः वजन कमी असेल त्याच्याकडे ते मुळात कमी असण्याची शक्यता जास्त. दिवसाला या गाळण्यांमधून १८० लिटरच्या आसपास पाणी गाळलं जातं आणि जवळजवळ सगळं परत शोषून घेतलं जातं. बाहेर पडते ती दीड-दोन लिटर लघवी.

आता बारा डब्यांची विरारची लोकल डोळ्यांसमोर आणा. माणसं वाढली, डबे तेवढेच. गाडी थांबत नाही, जातेच, पण प्रत्येक डब्यात दुप्पट गर्दी. शरीर वाढलं की किडनीचं हेच होतं. गाळण्या तेवढ्याच, काम जास्त, म्हणून प्रत्येक गाळणी जास्त दाबाखाली चालते. याला हायपरफिल्ट्रेशन म्हणतात. या काळात रिपोर्ट उलट झकास दिसतो, कारण गाळण्याचा वेग वाढलेला असतो. मग कधीतरी दाबाने गाळणीची जाळी सैल होते आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागतं. डब्याचं दार गर्दीने बाहेर फुगावं तसं. १९७४ मध्ये अति लठ्ठ रुग्णांच्या लघवीत भरपूर प्रथिन जात असल्याची नोंद झाली, आणि लठ्ठपणामुळे होणारा गाळण्यांचा हा विकार पुढे स्वतंत्र आजार म्हणून मान्य झाला.

पण मग मांडीवरची चरबी आणि पोटातली चरबी यांत फरक का? पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी नुसती पडून राहत नाही. रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीतला अँजिओटेन्सिनोजेन हा पदार्थ ती बनवते, सूज वाढवणारी रसायनं सोडते, इन्सुलिनचं काम बिघडवते. गाळणीच्या जाळीला सांभाळणारं अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र अशा माणसांत कमी होतं. शिवाय किडनीच्या खोबणीत आणि भोवती साठलेली चरबी तिला बाहेरून दाबते, म्हणून मीठ बाहेर टाकणं अवघड जातं आणि रक्तदाब आणखी चढतो. मधुमेह आणि रक्तदाब हे किडनीचे दोन मोठे वैरी पोटाच्याच दारातून आत येतात, पण ते दोघे आले नाहीत तरी पोट एकटंही नुकसान करू शकतं.

हा संबंध किती पक्का? चाळीस देशांतल्या सुमारे ५५ लाख माणसांच्या नोंदी एकत्र करून केलेला अभ्यास २०१९ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आला. बीएमआय २५ असलेल्यांच्या तुलनेत ३५ असलेल्यांची किडनी निकामी होण्याच्या दिशेने घसरण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी जास्त होता, आणि ४० असलेल्यांचा दुप्पट. कंबर आणि कंबर-उंचीचं गुणोत्तर वाढलं तरी धोका वाढताना दिसला. यावरून प्रत्येक ढेरीवाल्याची किडनी जाणार असं मुळीच नव्हे. बहुतेकांची जात नाही. कुणाची जाळी सैल होतेय ते वेळेत शोधायचं, त्यासाठी पुढची पायरी.

लॅबमध्ये काय मागायचं

तीन गोष्टी हव्यात: रक्तदाब, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. तिसऱ्याला लॅबच्या भाषेत 'एसीआर' किंवा 'युरिन मायक्रोअल्ब्युमिन' म्हणतात. तोंडाने नाव घेऊन मागा. चकचकीत 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये शंभर चाचण्यांची यादी असते, पण हीच एक अनेकदा नसते. त्यात असते ती 'युरिन रुटीन', आणि तिच्या पट्टीवर थोडंसं अल्ब्युमिन बहुतेकदा निसटून जातं. आपल्याला तर ते थोडंसंच पकडायचंय. 'आपला दवाखाना' किंवा जवळच्या पालिका रुग्णालयात यातलं काय होतं ते आधी विचारून घ्या, खाजगी लॅबपेक्षा खिशाला हलकं पडेल.

आता माझ्या जुन्या खिडकीवरून सांगते. लघवी सकाळची पहिली आणा. सुरुवातीची थोडी सोडून मधली धरा. बाटली लॅबकडूनच न्या. जॅमची बाटली कितीही धुतली तरी नको. लघवीत जळजळ, अंगात ताप, मासिक पाळी यांपैकी काहीही चालू असेल तर पुढे ढकला. आदल्या दिवशी मॅरेथॉनचा सराव किंवा जिममध्ये जोरदार घाम काढला असेल तरी पुढे ढकला. या सगळ्यांत लघवीत प्रथिन उगाच वाढलेलं दिसतं. पावसाळ्यात मुंबईत लेप्टोचा ताप येऊन गेला असेल तर त्या आठवड्यातली तपासणी ही तुमच्या नेहमीच्या किडनीची तपासणी नसते. ती त्या आजाराची. लेप्टो किडनीला थेट मारू शकतो, त्यासाठी डॉक्टरच हवेत.

क्रिएटिनिनसाठी उपाशी राहायची सक्ती नाही, पण आदल्या रात्री मटणावर ताव मारलेला नको. शिजलेल्या मटणातून क्रिएटिनिन थेट रक्तात येतं. जिमवाल्या पोरांना मी हमखास विचारायची, "क्रिएटिन घेतोस का रे?" ती पावडर घेणाऱ्याचं क्रिएटिनिन किडनी धडधाकट असूनही वर दिसू शकतं. त्याच्या आईचा जीव मात्र रिपोर्ट बघून अर्धा होतो.

रक्तदाब मोजताना पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, तोंड बंद. जिने चढून धापा टाकत आलेल्या माणसाचा रक्तदाब घेऊन काही कळत नाही. घरी मोजलेला १३५/८५ च्या वर राहत असेल तर तो जास्त.

रिपोर्ट कसा वाचायचा

क्रिएटिनिनचा नुसता आकडा वाचू नका, त्याच्या शेजारचा ईजीएफआर वाचा. वय आणि लिंग धरून किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते याचा तो अंदाज. क्रिएटिनिन १.१ बहुतेक लॅबच्या पानावर ठळक होत नाही. पण २०२१ च्या सूत्राने साठ वर्षांच्या पुरुषाला त्यातून ईजीएफआर सुमारे ७७ मिळतो आणि साठ वर्षांच्या बाईला ५७-५८. पहिला ठीक, दुसरी साठच्या खाली. आकडा तोच, अर्थ निराळा. आपल्या आया-मावश्यांचे असे कितीतरी रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणून फायलीत गेले असतील.

ईजीएफआर ९० आणि त्यावर उत्तम. ६० ते ८९ मध्ये, लघवी स्वच्छ असेल तर, घाबरण्याचं कारण नाही. ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला तर किडनीचा दीर्घ आजार धरतात. ३० च्या खाली किडनीतज्ज्ञाकडे जायला उशीर नको, १५ च्या खाली डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची बोलणी सुरू होतात.

एसीआर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असावा. ३० ते ३०० म्हणजे जाळी सैल व्हायला लागली. ३०० च्या पुढे म्हणजे चांगलीच गळती. काही लॅब मायक्रोग्रॅम प्रति मिलिग्रॅम लिहितात; आकडा तोच राहतो, गोंधळू नका. एकदा वाढलेला आला तर तीन महिन्यांत आणखी दोनदा करा. तिन्हींपैकी दोनदा वाढलेला आला, तरच शिक्का.

आता वहीचं ते एक पान उघडा. समजा ५२ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. उंची १६८, वजन ६९, म्हणजे बीएमआय साडेचोवीसच्या जवळ. वजन थोडं जादा, पण लठ्ठ म्हणता येणार नाही. क्रिएटिनिन १.१, ईजीएफआर ८१. कुठेच लाल खूण नाही. पण कंबर ९७, भागिले उंची ०.५८. आणि एसीआर ६४. पहिल्या तीन आकड्यांवर हे गृहस्थ पेढे वाटतील, शेवटच्या दोन आकड्यांवर त्यांना डॉक्टर गाठायला हवा. उशिरा बोलणारे सगळे गप्प आणि लवकर बोलणारे दोघेही ओरडताहेत, हे चित्र मी मध्यमवयीन पुरुषांत फार पाहिलं.

कंबर मोठी पण एसीआर आणि रक्तदाब स्वच्छ असेल, तर अजून हातात वेळ आहे. वर्षाला एकदा तपासा आणि कंबरेच्या मागे लागा. उलट कंबर सपाट आणि एसीआर वाढलेला असेल, तर तो चरबीच्या खात्यात टाकू नका. मधुमेह, रक्तदाब, किडनीचे इतर विकार, वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, असं दुसरंच काही शोधावं लागेल. आणि हातपाय फारच बारीक असलेल्या वयस्कर माणसात ईजीएफआर चांगला दिसत असेल तर डॉक्टरांना 'सिस्टॅटिन सी'बद्दल विचारा. हा पदार्थ स्नायूंवर अवलंबून नसतो. तोही अगदी निर्दोष नाही, कारण लठ्ठपणा, स्टिरॉइड आणि थायरॉइडने तो हलतो, पण क्रिएटिनिनची उलटतपासणी करायला कामी येतो.

कंबर उतरवताना किडनी सांभाळून

सहा महिन्यांत वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरवणं हे शक्य आणि पुरेसं उद्दिष्ट. अमेरिकेत टाइप टू मधुमेहाच्या जाड रुग्णांवर झालेल्या 'लुक अहेड' या चाचणीत आहार-व्यायामाचा कडक कार्यक्रम पाळणाऱ्या गटात किडनीच्या अति जोखमीच्या आजाराचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी निघालं. औषध न वाढवता मिळालेला हा फायदा आहे.

आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला. शिवाजी पार्कच्या कठड्याभोवती किंवा फाइव्ह गार्डनमध्ये, कुठेही. गप्पा मारता येतील पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग. आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून जोर, स्टेशनच्या पुलाचे जिने. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलंत तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि मग क्रिएटिनिनही उतरून तुम्हाला शाबासकी देतं. खोटी शाबासकी.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून सपाट चमचाभर. भाजीतलं मीठ कमी करून लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स चालू ठेवणं म्हणजे दार लावून खिडकी उघडी ठेवणं. सुके बोंबील, सुकट, खारा बांगडा हे आपल्या जिव्हाळ्याचे पदार्थ. महिन्यातून कधीतरी, चांगले भिजवून-धुऊन. 'कमी सोडियमचं' मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि किडनी कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते जिवावर बेतू शकतं.

प्रथिनांबाबत दोन्ही टोकांची माणसं भेटतात. किडनीचा आजार नसेल तर डाळ, मासे, अंडी, दही यांना घाबरू नका. ईजीएफआर ६० च्या खाली असेल तर किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगतात. त्यात जिमच्या मास्तरने सांगितलेले दोन-तीन डबे बसत नाहीत.

आणि 'पंधरा दिवसांत दहा किलो' छापाच्या पुड्या, काढे, गोळ्या यांना हातही लावू नका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या बायकांनी बारीक होण्यासाठी घेतलेल्या गोळ्यांत अ‍ॅरिस्टोलोकिया ही वनस्पती मिसळलेली होती. कित्येकींच्या किडन्या कायमच्या गेल्या, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. 'झाडपाल्याचं आहे, अपाय नाही' हे वाक्य तिथेही कुणीतरी म्हटलं असेलच. व्यायामाने गुडघे दुखले म्हणून केमिस्टकडून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून रोज खाणं हीसुद्धा किडनीवरचीच कुऱ्हाड.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल सगळेच विचारतात. टाइप टू मधुमेह आणि किडनीचा आजार दोन्ही असलेल्यांत सेमाग्लुटाइडने किडनीच्या गंभीर घटना २४ टक्क्यांनी कमी केल्या, असं २०२४ मध्ये 'फ्लो' चाचणीत दिसलं. ही खरोखर मोठी बातमी आहे. पण त्याच इंजेक्शनाने उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर किडनीलाच फटका बसतो. जिममधल्या ओळखीवर ते घ्यायचं नसतं.

तीन महिन्यांनी

कंबर महिन्यातून एकदा मोजा, रोज नको. रोजचा आकडा गॅसने आणि जेवणानेही हलतो. रक्त-लघवी डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये.

एका गोष्टीने घाबरून जाऊ नका. कंबर आठ सेंटिमीटरने उतरली, एसीआर १२० वरून ४० वर आला आणि ईजीएफआर मात्र ९८ वरून ९१ झाला, असं होऊ शकतं. गर्दी कमी झाली म्हणून डब्यातला दाब उतरला, त्याचं हे चिन्ह असू शकतं. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या सुरू केल्यावरही क्रिएटिनिन थोडं चढतं. तीस टक्क्यांपर्यंतची चढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. लोक मात्र रिपोर्ट पाहून गोळी स्वतःच बंद करतात आणि मिळत असलेलं संरक्षण घालवतात. क्रिएटिनिन त्याहून जास्त चढलं असेल किंवा ईजीएफआर झपाट्याने खाली धावत असेल, पाय किंवा डोळ्यांभोवती सूज येत असेल, लघवी सतत फेसाळ किंवा लालसर होत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरकडे जा.

आता राहिलेली माणसं. गरोदर बाईची कंबर मोजायची नाही. तिच्या लघवीत प्रथिन आलं तर तो वेगळा आणि तातडीचा मामला आहे. यकृताच्या आजाराने पोटात पाणी झालेल्या माणसाचा घेर चरबीचा नसतो. अंगावर सूज असलेल्यांचाही नाही. आणि जे डायलिसिसवर आहेत त्यांनी वजन उतरवायचा ध्यास कुणाचं ऐकून घेऊ नये. तिथे खंगत जाणं हाच मोठा धोका असतो आणि अंगाने भरलेले रुग्ण अनेकदा जास्त काळ टिकलेले दिसतात. त्यांच्या वहीत कंबरेचा रकाना नको. डायलिसिसच्या आधीचं वजन, नंतरचं वजन आणि तंत्रज्ञाने सांगितलेलं ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, एवढेच तीन आकडे लिहावेत.